घसा किंचित बसला आहे

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. नियमित. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे छापल्या जातात, पण आपण त्या हेतूने लिहायची नाही. तरी अक्षर नीट काढावं.

केंद्रावर नव्या प्रमुख रुजू झाल्या. नव्या म्हणजे कोण, तर एके काळी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रेडिओवर बातम्या वाचायला शिकलेली पोरगी. श्वास कुठे घ्यायचा, कुठे चोरायचा, हे तिला मी शिकवलं. मधल्या काळात ती वर्तमानपत्रात गेली, टीव्हीवर गेली, एक बुडालेलं चॅनेल वर काढलं, एका मंत्र्याला मुलाखतीत पाणी प्यायला लावलं, आणि आता परत आली ती थेट वरच्या मजल्यावर. मी होतो तिथेच आहे. याला सातत्य म्हणतात.

मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मला 'सर' म्हणाली. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मुख्य निवेदकाची जागा आता आपलीच. तिला 'तू' म्हणणं यापुढे धोक्याचं, 'मॅडम' म्हणणं जिवावर येतं. रोजनिशीत बाईसाहेब म्हणावं.

घसा किंचित बसला आहे. नवा एसी.

४ सप्टेंबर

सिगारेट सोडली. आजपासून एकही विकत घेणार नाही.

५ सप्टेंबर

रेकॉर्डिंगवाल्या मित्राने एक दिली. विकत घेतली नाही. ठराव शाबूत.

९ सप्टेंबर

बाईसाहेबांनी वर बोलावलं. जिना चढताना छातीत धडधड. (जिन्यामुळे.) कामावरून काढणार असं का वाटलं कोण जाणे. काढायला काही कारणच नाही.

निघालं भलतंच. केंद्रासाठी एक यंत्र तयार होतंय. पूर, वादळ, असं काही झालं आणि माणसं पोचू शकली नाहीत, तर ते आमच्या आवाजात लोकांना सूचना वाचून दाखवणार. त्यासाठी पहिला आवाज माझा घ्यायचा. मी म्हणालो, हा मी माझा सन्मान समजतो. त्या म्हणाल्या, सन्मानच आहे सर, पण तुमचा घसा बसलाय का? मी म्हणालो, एसी.

घरी हिला सांगितलं. ही नाटकं बसवते. हिच्या नाटकांची तिकिटं आम्हा घरच्यांनाही मिळत नाहीत आणि भलेभले नट हिच्यासमोर पाय जुळवून उभे राहतात. मी त्यातला नाही. मी बसूनच असतो. ही म्हणाली, यंत्राला आवाज देतोयस ते ठीक, पण वाक्याचा शेवट हल्ली कुठे जातो तुझा? खाली पडतो आणि परत उठतच नाही. मी म्हणालो, ही माझी शैली आहे. ही म्हणाली, शैली गेल्या महिन्यात नव्हती.

नटांना बोलायची सवय. नवऱ्याशी कसं बोलावं हे राहून गेलं.

११ सप्टेंबर

यंत्रवाली आली. वय फार तर तिशी. हे यंत्र तिनेच बनवलंय म्हणे, आणि हाताखाली सगळे दाढीवाले इंजिनियर. ती एक भुवई उचलते, चार दाढ्या हलतात.

मला स्टुडिओत बसवून वाक्यं वाचून घेतली. मी मन लावून वाचली. काचेपलीकडे ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, काका, जरा मायक्रोफोन बदलूया. बदलला. पुन्हा बदलला. मग मला बाहेर बोलावून पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरची माझ्या जुन्या टेपवरची, पट्टीने आखल्यासारखी. खालची आजची. ती रेघ नव्हती, मांजरीने उसवलेला स्वेटर होता.

म्हणाली, यंत्र म्हणतंय ही दोन वेगळी माणसं आहेत. मी म्हणालो, मग यंत्र दुरुस्त करा. ती हसली नाही. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, काका, मी डॉक्टर नाही. पण हे सर्दीसारखं दिसत नाही. कोणाला दाखवलंत का?

मी म्हणालो, माझी सख्खी बहीणच घशाची डॉक्टर आहे. ती म्हणाली, मग प्रश्नच मिटला. मी म्हणालो, मिटलाच.

घरी येताना विनाकारण दोनदा आवंढा गिळून पाहिला. गिळता येतो.

१२ सप्टेंबर

आरसा आणि टॉर्च घेऊन घशात पाहिलं. घसा कसा असायला हवा हे माहीत नसल्यामुळे निष्कर्ष निघाला नाही. लाल आहे. पण लालच असणार. मोबाईलवर शोधलं. शोधायला नको होतं. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला, मग कपाट बंद केलं.

ठराव: दिवसभर मौन (बुलेटिन सोडून). कोमट पाणी. गुळण्या. आत्मविश्वास.

१५ सप्टेंबर

मौनाचा तिसरा दिवस. फोनवर गॅसवाल्याशी भांडलो तेवढं सोडून.

ही म्हणते, धाकटीला फोन लाव. धाकटी म्हणजे माझी बहीण. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या तोडीचा माणूस जवळपास नाही असं लोक म्हणतात. दुसऱ्या देशांतले डॉक्टर तिचा हात बघायला येतात. लहानपणी तिचं दप्तर मी उचलायचो. म्हणजे पाया कोणी घातला ते बघा.

पण तिला फोन करायचा नाही, हे पक्कं. कारणं अनेक. एक तर ती कामात असते. दुसरं, ती आपलं ऐकून घेत नाही, तोंड उघड म्हणते. तिसरं, ती लगेच सांगेल.

चौथं कारण नाही. तिसरंच.

१८ सप्टेंबर

मर्दासारखा निर्णय घेतला. डॉक्टरकडे गेलो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे कुत्रंही ओळखणार नाही. नाव शेजाऱ्याचं सांगितलं.

डॉक्टर कोवळा होता. नाकातून बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. आत घालेपर्यंत क्रिकेटवर बडबडत होता. मग एकदम गप्प झाला. मला त्याच्या गप्प होण्याची जितकी भीती वाटली तितकी नळीची वाटली नाही.

म्हणाला, काका, उजव्या स्वरतंतूवर काहीतरी आहे. आवाज निघतो तो हाच पडदा. काय आहे ते तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण वेळ घालवू नका. आणि हे दुसऱ्या कोणाकडून करूनही घेऊ नका. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मॅडमकडेच जा.

आणि धाकटीचं नाव लिहून दिलं.

म्हणाला, त्यांची वेळ मिळणं महाकठीण. तुमची कुठे ओळख लागते का बघा. मी म्हणालो, बघतो.

१९ सप्टेंबर

आज काही नाही.

२० सप्टेंबर

उद्या हिला सांगायचं. शांतपणे, हसत, जाता जाता सांगितल्यासारखं. वाक्य तयार आहे: 'अगं, ते घशाचं जरा दाखवून आलो, किरकोळ आहे.'

२१ सप्टेंबर

हिची तालीम होती. उशिरा आली, दमलेली होती. दमलेल्या माणसाला किरकोळ गोष्टी सांगू नयेत.

२२ सप्टेंबर

सकाळचं मुख्य बुलेटिन. ठळक बातम्या उत्तम. दुसरी बातमी, खाणीत अडकलेल्या माणसांची. 'बचाव पथकाला' म्हणालो आणि पुढचा शब्द आलाच नाही. तोंड उघडं, ओठ हलतायत, आवाज नाही. नळ उघडावा आणि नुसती हवा यावी तसं. पुन्हा प्रयत्न केला. एक घरघर निघाली. ती सगळीकडे गेली असणार, घराघरांत, टॅक्सीत, दुकानांत.

लाल दिवा चालूच होता. घड्याळाचा काटा फिरत होता. माझ्या हातातल्या कागदाची सळसळही माइकवर जात होती.

मग दार उघडलं. बाईसाहेब पावलांचा आवाज न करता आत आल्या, माझ्या खांद्यावरून वाकल्या, माझ्या कागदावर जिथे मी अडकलो होतो तिथे बोट ठेवलं आणि पुढचा शब्द उचलला. जणू ते वाक्य दोघांनी मिळून म्हणायचं असं आधीच ठरलं होतं. बुलेटिन संपेपर्यंत त्या तशाच वाकून वाचत राहिल्या. दुसरा हात माझ्या पाठीवर होता. वाचन बरं होतं. श्वास योग्य जागी घेतले.

मी त्यांना संधी दिली असं म्हणता येईल.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, सर, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत स्टुडिओचं दार तुम्हाला बंद. मी काही म्हणायला तोंड उघडलं. म्हणाल्या, आणि ही ऑर्डर आहे असं समजा.

समजलो. सगळं समजलो. माझ्या खुर्चीवर डोळा आहे.

२३ सप्टेंबर

कट. बाईसाहेबांनी हिला फोन केला. हिने धाकटीला केला. दुपारी बेल वाजली, दाराच्या भोकातून पाहिलं तर धाकटी, दवाखान्यातून तशीच आलेली, आणि मागे बाईसाहेब. मी बाथरूममध्ये गेलो. जायचंच होतं. कडी लावून नळ सोडला.

आत बसून बाहेरचं ऐकलं. ही, धाकटी, बाईसाहेब. एक बोट वर केलं तर नाट्यगृह शांत होतं ती एक, एक बोट आत घातलं तर माणूस बोलू लागतो ती दुसरी, आणि एका फोनवर सरकारी कचेऱ्या हलतात ती तिसरी. तिघी माझ्या बाथरूमच्या दाराबाहेर. या सगळ्याजणींना दुसरं काम नाही?

धाकटी म्हणाली, दादा, बाहेर ये. मी म्हणालो, आंघोळ करतोय. माझं मलाही ऐकू आलं नाही. ती म्हणाली, शेजाऱ्यांच्या नावाने गेलास होय? माझ्या विद्यार्थ्याने चित्रं पाठवली मला, अवघड केस म्हणून सल्ला विचारायला. वय, धंदा, ओळखलं मी. त्यातून तुझ्या नाकाचं हाड वाकडं आहे. झाडावरून तू पडलास तेव्हा मी खालीच होते.

मी नळ आणखी सोडला.

मग हिचा आवाज. हिचा आवाज एरवी शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आज दाराच्या फटीतूनही नीट आला नाही. म्हणाली, अरे, मला एकटीला घाबरायला लावू नकोस. बाहेर येऊन माझ्याबरोबर घाबर.

टाकीतलं पाणी संपलं म्हणून बाहेर आलो.

२५ सप्टेंबर

धाकटीचा दवाखाना. बाहेर रांग. ती आली की लोक उठून उभे राहतात. मीही उठलो, चुकून.

तिने स्वतः नळी घातली. धाकटी काम करताना विनोद करते, सगळ्यांना माहीत आहे. पेशंट हसत बाहेर पडतात. आज एकही विनोद केला नाही. मीच एक केला, तो कोणाला ऐकू आला नाही.

बघून झाल्यावर खुर्चीत बसली आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. लहानपणी परीक्षेचा निकाल लागायच्या आधी बसायची तसे. हातांना थंडी वाजत असावी, त्या खोलीतही एसी होता.

म्हणाली, दादा, काढायला लागेल. मंगळवारी. तुकडा नाही, सगळंच काढू. वाईट निघालं तरी अजून बाल्यावस्थेत आहे. मी पाटीवर लिहिलं (बोलायला बंदी): आवाज? ती म्हणाली, राहील. पण हा राहणार नाही. मग राहील तो कोणाचा, असं विचारायचं होतं, पण पाटीवर जागा संपली.

आणि शेवटी तिने जे सांगितलं त्याने मी थक्क झालो. ऑपरेशन ती करणार नाही! तिची सहकारी करणार. तीही बाई. उत्तम हात आहे, माझ्याहून तरुण डोळे आहेत, म्हणाली. सख्खा भाऊ! जगभरच्या लोकांचे घसे स्वतः कापते आणि भावाचा गळा परक्या बाईच्या हातात!

मी पाटीवर लिहिलं: का? ती म्हणाली, कारण तू आहेस.

याला काय उत्तर म्हणायचं.

२८ सप्टेंबर

मृत्युपत्र करावं म्हणून बसलो. पुस्तकं हिला. रेडिओ हिला. बाकी जे आहे ते तसंही हिचंच आहे. पाच ओळींत आटोपलं. आयुष्य याहून लांब वाटलं होतं.

मला भीती वाटत नाही. फक्त रात्री झोपताना हिचा हात धरून झोपतो, कारण थंडी पडली आहे. ही म्हणते, सप्टेंबर आहे. पण हात काढून घेत नाही.

३० सप्टेंबर, सकाळ

दवाखान्यातला हिरवा झगा. मागून उघडा. माणसाचं सगळं वक्तृत्व मागून उघड्या झग्यात संपतं.

आत नेताना ठरवलंय: मान ताठ, चेहऱ्यावर स्मित. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना एखादं सुभाषित ऐकवायचं. आठवतंय ते एकच, आणि ते मरणावर आहे. दुसरं शोधतो

(नर्स आली)

२ ऑक्टोबर

जिवंत. स्पष्ट लिहितो. जिवंत आहे.

स्मित जमलं नाही. ही म्हणते, स्ट्रेचरवरून जाताना मी तिची साडी मुठीत धरली होती आणि दाराशी दोघा वॉर्डबॉयनी ती सोडवली. औषधाचा परिणाम. औषध नंतर दिलं असं ही म्हणते. ही तपशिलात चुकते.

आणखी एक गोष्ट हिने सांगितली. ऑपरेशन चालू असताना धाकटी आत नव्हतीच! कामावरून रजा काढून बाहेर बाकावर हिच्याशेजारी बसली होती, मांडीवर माझे बूट. आतून सहकारी सांगायला येईपर्यंत तिने बूट खाली ठेवले नाहीत. ज्या दिवशी तिची खरी गरज त्याच दिवशी रजा! तिच्या नावाचा एवढा गाजावाजा का आहे हे खरंच कळत नाही.

मात्र आज सकाळी ती तपासायला आली तेव्हा माझ्या उशीची खोळ नीट करत उगाच बराच वेळ उभी राहिली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तीही गेली नाही. बराच वेळ.

बोलायला अजून पूर्ण बंदी. पाटी आणि खडू.

६ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. धाकटीने सांगितलं. वाईटच होतं. शब्द तिने उच्चारला, मी लिहीत नाही. पण सगळं निघालं, कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, पुढे औषधही नको, फक्त दर थोड्या दिवसांनी नळी.

हे ऐकून मी अतिशय शांत होतो. ही बाहेर जाऊन आली तेव्हा डोळे लाल होते. धाकटी खिडकीतून पार्किंगमध्ये काय बघत होती कोण जाणे. शांत मी एकटाच. पाटीवर एक छान वाक्य लिहायला घेतलं, पण खडू बोटांतच मोडला. खडूचा दर्जा.

आणखी एक महिना उशीर केला असतास तर, असं धाकटी म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. आमच्या घराण्यात वाक्यांचे शेवट पडायची पद्धत दिसते.

९ ऑक्टोबर

घरी. माझ्या वेळेचं बुलेटिन हल्ली बाईसाहेब स्वतः वाचतात. केंद्र चालवायचं सोडून. मी रोज ऐकतो, चुका काढायला. आज खाणीतला शेवटचा माणूस गेल्याची बातमी होती. त्याच्या नावाआधी त्या एक क्षण थांबल्या. मी असतो तर थांबलो नसतो, सरळ वाचून गेलो असतो. चूक म्हणून लिहून घेतली. मग खोडली.

दुपारी यंत्रवाली आली. लॅपटॉप घेऊन. म्हणाली, काका, बाईसाहेबांनी पाठवलंय. तुमच्या जुन्या टेपांवरून यंत्र तुमचा आवाज शिकलंय. तुम्ही बरे होईपर्यंत, किंवा नंतरही, बातम्या त्या आवाजात देता येतील. पण आवाज तुमचा आहे, तुम्ही हो म्हणालात तरच.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ऐकवा.

तिने बटण दाबलं. आणि खोलीत मी बोललो. 'नमस्कार. ठळक बातम्या.' खणखणीत. जसा मी ऐन उमेदीत होतो तसा. मी तिथे पाटी घेऊन बसलो होतो आणि मी तिथे बोलत होतो.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ही धावत बाहेर आली. हात ओले, डोळे मोठे. म्हणाली, बोललास? बोललास तू?

मग तिने माझं बंद तोंड पाहिलं. मग लॅपटॉप पाहिला. हिने आयुष्यभर नटांना चेहरे कसे करायचे ते शिकवलं, पण असा चेहरा मी कुठल्या रंगमंचावर पाहिला नाही. यंत्र पुढे वाचतच होतं. पूर, बळी, हवामान. सगळं एकाच गोडीने.

यंत्रवालीने घाईघाईने ते बंद केलं. म्हणाली, काकू, माझं चुकलं, आधी सांगायला हवं होतं. ही म्हणाली, नाही गं, यंत्र छान झालंय तुझं. आणि आत गेली. भांडं बराच वेळ उचलल्याचा आवाज आला नाही.

मी पाटीवर लिहिलं: नको.

तांत्रिक कारणास्तव. आवाजात गाभा नव्हता.

यंत्रवाली पाटीकडे बघत म्हणाली, मलाही तसंच वाटत होतं काका. बनवलं मी, पण रात्री त्याला एकटी ऐकत बसायला मला भीती वाटते. वादळ-पुरासाठी तेवढं ठेवू का? मी मान हलवली. वादळात चालेल. वादळात कोणी भांडी घासत नसतं.

११ ऑक्टोबर

बाईसाहेब आल्या. मला वाटलं, आता निरोपाची भाषा. त्या खुर्चीत बसल्या, चहा घेतला, म्हणाल्या, सर, नव्या भरतीतल्या पोरांना श्वास घेता येत नाही. मी काही सगळ्यांच्या खांद्यावरून वाकून वाचू शकत नाही. तुम्ही शिकवायला या.

मी पाटीवर लिहिलं: आणि बुलेटिन?

त्या माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, नाही सर. तो आवाज आता येणार नाही, डॉक्टरताईंनी मला सांगितलंय. खोटं सांगायला मी आले नाही.

इतकं स्पष्ट कोणी बोलत नाही. बहुधा मीच शिकवलं असावं. पाटीवर लिहिलं: विचार करून कळवतो. त्या म्हणाल्या, बोलायला लागलात की पहिल्याच सोमवारपासून, दहा वाजता.

म्हणजे विभागप्रमुखच झालो. तसा शब्द त्यांनी वापरला नाही, पण आशय तोच.

१४ ऑक्टोबर

उद्या बोलायची परवानगी. धाकटी संध्याकाळी येणार, बाईसाहेबही, आणि यंत्रवाली माइक घेऊन. पहिले शब्द नोंदवून ठेवायचे. धाकटीची ती सहकारीही येणार आहे, जिने कापलं ती.

पहिलं वाक्य काय असावं यावर दिवसभर विचार. उथळ नको. आभार असावेत पण लाचारी नसावी. पाच बायकांनी मला काय दिलं आणि मी त्यांना काय दिलं, दोन्ही यावं. अखेर जमलं: 'आवाज हा गळ्यातून नव्हे, माणसांतून येतो; आणि माझी माणसं आज माझ्यासमोर उभी आहेत.' हिला पाटीवर लिहून दाखवलं. ही म्हणाली, जरा लांब होतंय. एका श्वासात येईल का तुला? मी लिहिलं: मी श्वास शिकवतो!

मनातल्या मनात दिवसभर तालीम केली. ओठ हलवून. भीती वाटते ती एवढीच की तोंड उघडेन आणि पुन्हा नुसती हवा येईल. सगळ्यांसमोर. दुसरी भीती, आवाज येईल आणि मी त्याला ओळखणार नाही.

तोंड न उघडताही जगता येतं. आता सवय झाली आहे.

१५ ऑक्टोबर, सकाळी

संध्याकाळसाठी कोट काढला. दवाखान्यातून आल्यापासून हँगरला होता. बाहीत हात घातला. बाहीत झुरळ होतं. मोठं. ते हातावरून वर यायला लागलं.

'आई गं, मेलो!'

हे मी म्हणालो. मोठ्याने. घोगरा, फाटका, पत्र्यावर खडे ओतावे तसा, पण अगदी बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला. कोट जमिनीवर आणि मी पलंगावर उभा.

ही दारात. मी तिच्याकडे, ती माझ्याकडे. ही हसायला लागली आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी पलंगावरून उतरलो नाही, कारण झुरळ कुठे गेलं ते दिसत नव्हतं. तिथूनच विचारलं, हा आवाज कसा आहे? ही म्हणाली, वाईट आहे. भीतीने भरलेला आहे. तुझाच आहे.

मग तिने धाकटीला फोन लावला. धाकटीने विचारलं असावं, पहिला शब्द काय बोलला. हिने सांगितला. मग धाकटी काहीतरी म्हणाली. ही म्हणाली, ती म्हणतेय, आता आज दिवसभर गप्प बस, एका दिवसाचा कोटा संपला.

म्हणजे वाक्य गेलं.

झुरळ अजून कोटातच असावं, कोट जमिनीवर आहे, मी पलंगावर आहे. ही म्हणते, उतर आणि मार. मी पाटीवर लिहिलं: धाकटी येऊ दे.